कोडं सुटतं, प्रमेय अडतं

साताऱ्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरी शिवणकाम करतात. मुलगी नववीत, सेमी इंग्लिशला. भूमितीतले इंग्रजी शब्द तिच्या लक्षात राहत नव्हते. ताईंना वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायची जुनी आवड, म्हणून त्यांनी वहीत चौकटी आखून भूमितीच्या शब्दांची कोडी करायला सुरुवात केली. रात्रीची जेवणं उरकली की मायलेकी कोडं घेऊन बसतात. आता मुलगी सगळे शब्द पटापट भरते. पण पहिल्या घटक चाचणीत भूमितीला २० पैकी ६ होते, ते दुसऱ्या चाचणीत ७ झाले. यजमानांचं म्हणणं, हा खेळ बंद करा आणि पोवई नाक्याकडे एखादा क्लास लावा. ताई विचारतात : 'मी स्वतः मराठी माध्यमातून दहावी झालेली. मला भूमिती येत नाही, नुसते शब्द येतात. मी लेकीचा वेळ वाया घालवते आहे का?' सोबत त्यांनी एक कोडंही पाठवलं आहे.

ताई,

तुमच्या पत्रात दोन गोष्टींचा गुंता झाला आहे, तो आधी सोडवू. शब्द लक्षात राहत नव्हते म्हणून तुम्ही कोडी करायला घेतली. आता शब्द लक्षात राहतात. म्हणजे कोड्याने त्याचं काम केलं. गुण वाढले नाहीत, कारण चाचणीत गुण मिळतात ते वेगळ्या कामाचे.

शब्दकोडं वर्णन देतं आणि नाव मागतं. चाचणीतला प्रश्न बरोबर उलटा असतो. तिथे नाव आयतं मिळतं. 'एबीसीडी हा पॅरललोग्राम (समांतरभुज चौकोन) आहे' असं पहिल्याच ओळीत सांगितलेलं असतं. विचारलेलं असतं ते पुढचं : मग त्यावरून काय म्हणता येईल, आणि कशावरून? प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिहायचं असतं. माझ्या शिकवण्याच्या काळात मी पाहत आले, डाव्या बाजूची विधानं मुलं कशीबशी जुळवतात आणि उजव्या बाजूचा कंस कोरा राहतो. पॅरललोग्राम हे नाव आठवणं वेगळं, आणि पॅरललोग्राम म्हटल्यावर 'याचे कर्ण एकमेकांना दुभागतात' हे ऐनवेळी सुचणं वेगळं. तुमच्या लेकीला पहिलं जमलं आहे. दुसऱ्याचा सराव तिला अजून कुणी दिलेलाच नाही.

आता तुम्ही पाठवलेल्या कोड्याकडे येते. मी ते सोडवलं. आडव्या शब्दांत तिसरा क्लू आहे : 'चारही बाजू समान असलेला चौकोन', सहा घरं. उत्तर स्क्वेअर. आता घरं हाताने झाका आणि नुसता क्लू वाचा. चारही बाजू समान तर ऱ्हॉम्बसच्याही, म्हणजे समभुज चौकोनाच्याही, असतात. खरं म्हणजे ही व्याख्या ऱ्हॉम्बसचीच आहे, चौरस हा त्यातलाच एक खास प्रकार. पण इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे ऱ्हॉम्बसला सात घरं लागतात आणि तुम्ही दिली आहेत सहा, म्हणून लेकीने क्षणभरही न थांबता स्क्वेअर लिहिलं आणि तुम्ही बरोबरची खूण केली. यात निवड घरांच्या संख्येने केली. तिला विचार करायची वेळच आली नाही. पॅरललोग्रामचं तर बघायलाच नको. तेरा अक्षरांचा शब्द. तेरा घरांची लांबलचक पट्टी दिसली की क्लू वाचायचंसुद्धा कारण उरत नाही.

यात तुमचा काही दोष नाही, शब्दकोड्याचा स्वभावच तो आहे. पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ला 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत छापून आलं. ते तयार केलं होतं मूळच्या लिव्हरपूलच्या आर्थर विन यांनी, आणि ते निव्वळ करमणुकीसाठी होतं. क्लू थोडा मोघम असला तरी घरांची संख्या आणि छेदून जाणारी अक्षरं वाचकाला सांभाळून घेतात, त्यातच त्याची गंमत असते. भूमितीच्या व्याख्येला असं सांभाळून घेणारं कुणी नसतं. (लेकीला सांगण्यासारखी गोष्ट : ते पहिलं कोडं हिऱ्याच्या आकाराचं होतं, टोकावर उभ्या केलेल्या चौरसासारखं. तिला विचारा, चौरस टोकावर उभा केला तर तो चौरस राहतो का? नववीतली चांगली चांगली मुलंही इथे 'नाही' म्हणून मोकळी होतात.)

म्हणून माझं म्हणणं असं की कोडं बंद करू नका, उलटं करा. भरलेलं कोडं तिच्यापुढे ठेवा आणि क्लू तिला लिहू द्या. सोडवायला तुम्ही बसा. घरं मोजायची नाहीत. तिचा क्लू वाचून, त्यात तंतोतंत बसेल पण तिच्या मनातल्या शब्दाची नसेल अशी आकृती काढायचा प्रयत्न करा. काढता आली की क्लू फसला, तिने तो दुरुस्त करायचा.

मध्यगेचं उदाहरण घ्या, इंग्रजीत मीडियन. पहिल्यांदा ती बहुधा असं लिहील : 'त्रिकोणाच्या शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूपर्यंत काढलेला रेषाखंड.' तुम्ही एक वेडावाकडा, तिन्ही बाजू वेगवेगळ्या असलेला त्रिकोण काढा आणि वरच्या टोकातून खालच्या बाजूवर सरळ लंब टाका. तिच्या क्लूत हा बसतो, पण हा शिरोलंब झाला. मग त्याच टोकातून कोनाचे दोन सारखे भाग करणारी रेघ काढा. हीसुद्धा बसते, आणि हा तर कोनदुभाजक. लेक वैतागेल, वैतागू द्या. थोड्या वेळाने तिच्या वाक्यात 'मध्यबिंदू' हा शब्द येईल आणि तुमच्या दोन्ही आकृत्या बाद होतील. त्या त्रिकोणात एकाच टोकातून निघालेल्या तीन रेघा शेजारी शेजारी दिसत असतात, पायथ्यावर तीन वेगळ्या ठिकाणी टेकलेल्या. हे चित्र एकदा डोळ्यांत बसलं की मीडियन, अल्टिट्यूड आणि अँगल बायसेक्टर यांची गल्लत सहसा होत नाही.

मग शिरोलंबाचा क्लू. ती 'त्रिकोणाच्या आतला लंब' असं काहीतरी लिहील. तुम्ही एक कोन चांगला पसरट, विशालकोन असलेला त्रिकोण काढा आणि लघुकोनाच्या टोकातून समोरच्या बाजूवर लंब टाकायला तिला सांगा. तो बाजूवर पडतच नाही. बाजू पुढे वाढवावी लागते आणि लंब त्रिकोणाच्या बाहेर पडतो. म्हणजे 'आतला' हा शब्द खोडायला हवा.

आणि सगळ्यात शेवटी दोन बाजू समान असलेला त्रिकोण घ्या आणि त्या दोन बाजू जिथे मिळतात त्या टोकातून तिन्ही रेघा काढायला सांगा. तीन रेघा निघणार नाहीत, एकच निघेल. मध्यगा तीच, शिरोलंब तोच, कोनदुभाजक तोच. 'असं कसं झालं?' हा प्रश्न तुम्ही विचारू नका, तिच्याकडून येऊ द्या. तो आला की भूमितीचं पुस्तक उघडा आणि 'त्रिकोण' या प्रकरणातलं समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय काढा. कोनदुभाजक काढून एका त्रिकोणाचे दोन त्रिकोण करायचे आणि ते बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने एकरूप दाखवायचे. तिच्या पुस्तकात बाकोबाच्या जागी एसएएस असेल. चाचणीत तिला नकोसं वाटणारं प्रमेय या वेळी तिच्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून समोर येईल. शब्दापासून सिद्धतेकडे जाणारी वाट मला इथे दिसते, म्हणूनच इतकं सविस्तर लिहिलं.

चौकोनांचे क्लू लिहिताना आणखी एक भेद तिच्या लक्षात आणून द्या, व्याख्या आणि गुणधर्म यांतला. समांतरभुज चौकोनाची व्याख्या एवढीच की समोरासमोरच्या बाजूंच्या दोन्ही जोड्या समांतर. समोरच्या बाजू समान, समोरचे कोन समान, कर्ण एकमेकांना दुभागतात, हे सगळे गुणधर्म, ते सिद्ध करावे लागतात. क्लूमध्ये दोन्ही चालतात, पण गुणधर्म वापरला तर तो पुरेसा आहे का ते तपासायला हवं. 'कर्ण एकमेकांना दुभागतात' हा क्लू समांतरभुज चौकोनासाठी पक्का. 'कर्ण समान लांबीचे असतात' हा आयतासाठी दिला तर फसवा, कारण ज्या समलंब चौकोनाच्या तिरक्या बाजू सारख्या असतात त्याचेही कर्ण समान येतात. 'कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात' यात ऱ्हॉम्बसबरोबर पतंगाच्या आकाराचा चौकोनही येऊन बसतो. असे फसवे क्लू शोधायचे म्हणजे प्रमेय आणि त्याचा व्यत्यास (म्हणजे उलट विधान) यांचाच अभ्यास, फक्त तशी पाटी वर लावलेली नाही.

बिंदू, रेषा आणि प्रतल यांचे क्लू ती लिहायला गेली तर अडकेल. तिथे मदत करू नका. युक्लिडने बिंदूची व्याख्या 'ज्याला भाग नाहीत तो' अशी केली होती. आजची भूमिती हे तीन शब्द व्याख्येशिवायच गृहीत धरते आणि बाकीची सगळी इमारत त्यांच्यावर रचते. हे तिला स्वतः अडकल्यावर कळलं तर कायमचं कळेल.

आता तुमच्या मराठीबद्दल. 'मराठी माध्यमातून दहावी झालेली' हे तुम्ही उणेपणा म्हणून लिहिलं आहे. मला ते पटत नाही. मुलगी शाळेत इंग्रजीतून ऐकते आणि घरी तुमच्याशी मराठीतून बोलते. तिला क्लू मराठीत आणि उत्तर इंग्रजीत, किंवा उलट, असं करायला मिळालं तर शब्दामागचा अर्थ समजून घेतल्याशिवाय पुढे सरकताच येणार नाही. मात्र दोन-तीन ठिकाणी जपा. पाठ्यपुस्तकात बेरीज ९० अंश होणाऱ्या कोनांच्या जोडीला कोटिकोन म्हणतात, इंग्रजीत काँप्लिमेंटरी. बेरीज १८० अंश होणाऱ्या जोडीला पूरक कोन, इंग्रजीत सप्लिमेंटरी. बोलताना आपण काँप्लिमेंटरी म्हणजे पूरक असं सहज म्हणून जातो. कोड्यात तसं लिहिलंत तर लेक उलटं शिकेल. कर्णाचंही तसंच. काटकोन त्रिकोणातला कर्ण म्हणजे हायपोटेन्यूज, चौकोनातला कर्ण म्हणजे डायगोनल, म्हणून कोणत्या आकृतीतला ते क्लूमध्ये आलं पाहिजे. आणि समभुज त्रिकोण म्हणजे इक्विलॅटरल, पण समभुज चौकोन म्हणजे ऱ्हॉम्बस.

शंका आली तर बालभारतीची नववीची भूमितीची दोन्ही पुस्तकं, मराठी आणि इंग्रजी, ई-बालभारतीवर फुकट मिळतात. प्रकरणांचा क्रम तोच, आकृत्या त्याच. मोबाइलवर दोन्ही उघडून तेच पान शेजारी ठेवलं की शब्दाला शब्द सापडतो. आणि शब्दाच्या पलीकडे जरा वाचावंसं वाटलं तर तुमच्या जिल्ह्यातल्या वाईत घडलेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर आहे, त्यातली भूमितीवरची नोंद दहावी झालेल्या माणसाला झेपेल तितकी नक्की वाचा.

पूर्ण मराठी कोडं करायचं असेल तर ते जरा अवघड जातं, हे तुम्हाला कोड्यांच्या सवयीमुळे ठाऊक असेलच. आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर बसतं, जोडाक्षरसुद्धा. त्रिज्या दोन घरांत संपते, व्युत्क्रम तीन घरांत. त्रिकोणातला 'ण' घेऊन कर्ण जोडायला गेलात तर जुळत नाही, कारण तिथे 'र्ण' आहे. आणि त्रिकोणात 'ण' असला तरी चौकोनात आणि काटकोनात 'न' आहे. तेव्हा शब्द कमी घ्या, एका कोड्यात सात-आठ पुरेत. छेद कमी असले तरी चालेल. छेद कमी म्हणजे आयती मदतही कमी, आपल्याला तेच हवं आहे.

'मला भूमिती येत नाही' या तुमच्या वाक्यापाशी मी थांबले होते. ताई, तुम्ही अंब्रेला घेराचा फ्रॉक बेतता ना? कापडाची चौपदरी घडी घालता, घडीच्या कोपऱ्यावर टेपचं टोक धरता आणि टेप फिरवत खडूने खुणा करता. कोपरा हा केंद्र, टेप ही त्रिज्या, खडूची रेघ हा वर्तुळाचा कंस. कंबरेच्या मापाला सहाने भागून थोडं कमी धरायचं, हा बहुतेक शिवणाऱ्यांचा हिशोब. तो परिघावरून त्रिज्या काढायचाच हिशोब आहे. २६ इंच कंबरेला ६.२८ने भागलं तर त्रिज्या ४.१४ इंच येते. ६.२८ म्हणजे 'पाय'ची (π ची) दुप्पट.

गळ्याला लावायची उरेब पट्टी घ्या. लांबट तुकडा असेल तर तुम्ही तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तसाच कापत नाही. आधी घडी घालून चौरस करून घेता, मग तिरकं कापता. आयताच्या कर्णावर कापलं तर खरी उरेब मिळत नाही, पट्टी नीट ताणली जात नाही आणि गळा चोळामोळा होतो. चौरसाचा कर्ण कोपऱ्याच्या काटकोनाचे ४५-४५ अंश करतो, आयताचा करत नाही. पुस्तकात हा चौकोनांचा गुणधर्म म्हणून येतो. लेकीला वही घेऊन मशीनजवळ बसवा, एक चौरस आणि एक आयत चिंधीतून कापून द्या आणि दोन्हींचा कर्ण घडीने पाडून कोन जुळतात का बघायला सांगा. मग 'कर्ण कोन दुभागतो' हा क्लू कुणाचा, ते तिला ठरवू द्या. चौरसाबरोबर अजून कुठल्या चौकोनाला तो लागू पडतो, हेही विचारा.

राहिला यजमानांचा क्लासचा मुद्दा. त्यांची काळजी खरी आहे आणि ती मोडीत काढू नका. सातवर अडकलेली मुलगी पुढच्या वर्षी दहावीला बसणार, तिथे भूमितीचा स्वतंत्र ४० गुणांचा पेपर असतो, बापाला धास्ती वाटणारच. पण कोडं की क्लास असा वाद घालण्याआधी दोघांनी मिळून चाचणीची उत्तरपत्रिका पाहा. तेरा गुण गेले कुठे? आकृती चुकली, कारणाचा कंस कोरा राहिला, आकडेमोड चुकली, की वेळच पुरला नाही? तुम्हाला कळलं नाही तर शाळेतल्या गणिताच्या सरांना किंवा बाईंना भेटून विचारा. शिक्षकांना असा नेमका प्रश्न विचारणारे पालक हवेच असतात. कारणं कोरी राहत असतील तर वर लिहिलेला उलट्या कोड्याचा उपाय पुढच्या चाचणीपर्यंत करून बघा. आकडेमोड किंवा वर्गमुळं अडत असतील तर शब्दकोड्याने काही होणार नाही, तिथे शिकवणारं माणूस लागेल आणि ते लावायला कमीपणा मानू नका. आकृत्या चुकत असतील तर कंपास, कोनमापक आणि रोज एक रचना, एवढ्यावर पुष्कळ भागतं.

आणि यात लेकीला काय हवं ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. तिला विचारा. रात्रीचं कोडं तिला आवडतं म्हणून ती बसते, की आईला वाईट वाटू नये म्हणून? आवडत असेल तर त्याला गुणांची अट घालू नका. 'पंधरा पडले तरच कोडं' असं एकदा म्हटलंत की तेही चाचणीसारखंच नकोसं होईल.

इतर पालकांसाठीही थोडं. मूल मराठी माध्यमाचं असेल तरी क्लू लिहून घ्यायची रीत जशीच्या तशी चालते. कोड्यांची मुळीच आवड नसेल तर चौकटी आखायचीही गरज नाही. एकाने आकृती बघून तिचं नुसत्या शब्दांत वर्णन करायचं, दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ फिरवून बसून ती काढायची, मग दोन्ही ताडून बघायच्या. वर्गात शिक्षकांनाही हे बाकाबाकावर करता येईल. सुट्टीत साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर बघायला गेलात तर ती अष्टकोनी विहीर मुलांना फोटो न दाखवता, नुसत्या भूमितीच्या शब्दांत घरी राहिलेल्या आजीला सांगायला लावा. आजीने कागदावर काय काढलं ते बघून मुलं आपणहून शब्द सुधारतात.

क्लास लावायचाच ठरला, तर प्रवेश घेण्याआधी तिथे एक तास बसू देतील का विचारा आणि एवढंच बघा : सिद्धतेतली कारणं मुलं स्वतः शोधून सांगतात, की फळ्यावरून उतरवून घेतात? पहिलं होत असेल तर निःशंकपणे लावा आणि रात्रीचं कोडंही चालू ठेवा. दुसरं होत असेल तर तो क्लास सोडा, दुसरा बघा.